चेष्टा नावाची ब्रांच

मला काकू म्हटलेलं चालत नाही. हे मी ऋषभला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एकोणतीस वर्षांचा पोरगा, नाशिकचा, कोलकात्यात न्यू टाउनच्या त्या काचेच्या इमारतीत आमच्या ट्रेनिंगच्या टीमचा लीड. माझं बापट आडनाव वाचून त्याचा चेहरा खुलला. "अरे वा काकू, तुम्ही मराठी! बरं झालं, इथे बोलायलाच कुणी नाही."

मी म्हटलं, "बोलू की भरपूर. पण मृणाल म्हण. इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात ना?"

"मृणाल कसं म्हणणार काकू? माझ्या आईच्या वयाच्या तुम्ही."

मी त्रेचाळीस वर्षांची आहे. त्याच्या आईचं लग्न बाराव्या वर्षी झालं असेल तर मला माहीत नाही.

लग्नानंतर नऊ वर्षं मी पुण्यात एका छोट्या कंपनीत कोड लिहीत होते. मग केदारच्या बँकेने त्याला नागपूरला पाठवलं, नंतर भोपाळला, आणि आता कोलकात्याला. प्रत्येक बदलीत पडदे, गॅसचं कनेक्शन आणि नूपुरची शाळा मी बघितली. अकरा वर्षं गेली. घरी बसलेल्या बायकांना परत कामावर घ्यायची योजना आहे असं एका जाहिरातीत वाचलं आणि अर्ज टाकला. पाच जणांच्या बॅचमध्ये अशी एक जागा होती, ती मला मिळाली. बारा आठवडे ट्रेनिंग, शेवटच्या शुक्रवारी परीक्षण. पास झालं की डेव्हलपर, म्हणजे कोड लिहायचा. नाही तर डॉक्युमेंटेशन, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला कोड कसा वापरायचा याच्या सूचना लिहीत बसायचं. ती खोली मी बघून आले होते. तिला खिडकीसुद्धा नाही. मनाशी ठरवलं, मेले तरी त्या खोलीत जाणार नाही.

पुण्यात आमच्याकडे कोडची फोल्डर मेलने फिरायची. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं'. कुणी कुणाचं काम पुसलं ते कळायचंच नाही, ज्याचा आवाज मोठा त्याचं बरोबर. आता गिट आलं. गिट म्हणजे सगळ्यांचं मिळून एक दप्तर. कुठली ओळ कुणी लिहिली, कधी बदलली, का बदलली, सगळं नावानिशी त्यात राहतं. अशा एकेका नोंदीला कमिट म्हणतात. प्रत्येकाने आपलं काम मूळ कोडपासून वेगळं काढून करायचं, त्या वेगळ्या वाटेला ब्रांच म्हणायचं, ते सर्व्हरवर पाठवायचं, म्हणजे पुश करायचं, आणि टीममधल्या दुसऱ्या कुणी तपासून मंजुरी दिली तरच ते मूळ कोडात मिसळायचं. स्वतःचं स्वतः मंजूर करता येत नाही. मला ही पद्धत फार आवडली. अकरा वर्षं मी जे काही केलं त्याची कुठे एक नोंद नाही, आणि इथे स्वल्पविराम टाकला तरी नाव लागतं.

आमच्या घरात ब्रांच म्हणजे केदारची बँक. पहिल्या आठवड्यात जेवताना मी म्हटलं, "आज मी तीन ब्रांच उघडल्या आणि दोन बंद केल्या." केदार म्हणाला, "वरून परवानगी घेतलीस का?"

पहिला महिना मी रोज तोंडावर आपटले. दोघांनी एकच ओळ बदलली की गिट अडून बसतं आणि दोन्ही ओळी समोर ठेवतं. सासूने आणि सुनेने एकाच डब्याला दोन चिठ्ठ्या लावाव्यात तसं. आता ठरवा म्हणतं, यात डाळ आहे की रवा. मी दोनदा चुकीची चिठ्ठी काढली आणि तिघांचा दिवस वाया घालवला. ऋषभ दर वेळी म्हणायचा, "असू दे काकू, होतं असं या वयात." त्या 'या वयात'मुळे मी घरी जाऊन वेगळा सराव केला. एका रिकाम्या दप्तरात आमटीच्या रेसिपीच्या चार ब्रांच केल्या, मुद्दाम भांडणं लावली, सोडवली, मोडली, परत आणली. आठव्या आठवड्यापर्यंत टीममधली पोरं अडली की माझ्याकडे यायला लागली. उगीच नम्रपणा कशाला दाखवू? मला ते यायला लागलं होतं.

माझ्या शेजारी पियाली बसायची. पियाली नस्कर, चोवीस वर्षांची, कोलकात्याबाहेरच्या बजबजची. वडील तिथल्या ज्यूट मिलमध्ये. पहाटेची लोकल, मग दोन बस, तरी सगळ्यांच्या आधी हजर. घरात कॉम्प्युटरला हात लावणारी ती पहिली. बोलायची कमी, कोड सुरेख लिहायची. एकच खोट, दुसऱ्या आठवड्यात एकदा काम सर्व्हरवर पाठवायला विसरली होती, आणि आमच्या लॅबमधली मशिनं दर शुक्रवारी संध्याकाळी पुसून कोरी करतात. सर्व्हरवर नाही ते गेलं. तेव्हापासून ऋषभच्या लेखी ती 'विसराळू'.

ती मला मृणालदी म्हणायची, म्हणजे मृणालताई. इथे माझ्या नावाची वेगळीच गंमत आहे. मृणाल हे बंगाल्यांना आपलं वाटतं, त्यामुळे सगळे माझ्याशी थेट भरधाव बंगालीत सुरू होतात. मला अर्धं कळतं. उरलेलं अर्धं मी मराठीवरून जुळवते. शब्द सारखेच तर आहेत! या जुळवाजुळवीनेच माझा घात केला.

बाराव्या आठवड्याच्या सोमवारी झाडूची पाळी माझी होती. दर सोमवारी एकाने सर्व्हरवरच्या मेलेल्या ब्रांच झाडून काढायच्या, ही आमची रीत. यादी उघडली. 'टेस्ट-वन-टू'. 'टाइमपास'. 'आलू-बिर्याणी'. या पोरांना नावं ठेवायला काही धरबंध नाही. आणि खाली एक, 'शेष-चेष्टा'. इंग्रजी अक्षरांत, पण वाचायला कितीसा वेळ लागतो! शेष म्हणजे उरलेली, चेष्टा म्हणजे थट्टा. उरलीसुरली थट्टा. मी उघडून बघितली, अगदीच काही न बघता पुसणारी मी नाही. अर्धा कोड मोडलेला होता, पडद्यावर लाल अक्षरांचा पाऊस, आणि शेवटच्या नोंदीत एकच शब्द, 'धुर'. घ्या, म्हटलं, आणखी टवाळी. ब्रांचला आपलं नाव जोडायचं असा नियम होता, तोही पाळलेला नव्हता. कमिटखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. पडदा एक ओळ वर सरकवला असता तर दिसलं असतं. मी सरकवला नाही. माझ्या मशीनवरून पुसली, सर्व्हरवरून पुसली आणि चहा प्यायला गेले.

पियाली त्या दिवशी तापाने घरी होती. मंगळवारी आली आणि तासाभराने तिचा आवाज चढला. हे कधी होत नव्हतं म्हणून सगळे वळले. तिचं पाच दिवसांचं काम सर्व्हरवर नव्हतं. शुक्रवारच्या परीक्षणात तिला तेच दाखवायचं होतं.

ऋषभने यादीत तिचं नाव शोधलं. मिळालं नाही. "पुश ही नहीं किया होगा। पहले भी भूली थी," तो म्हणाला.

"किया था," पियाली म्हणाली. "शुक्रवार को पाँच बजे। किया था।"

ऋषभ माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "बघा काकू. ही यांची शिस्त. हिला आता डॉक्युमेंटेशन."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, खोटं कशाला बोलू? पण मी तिला हाकलली. मी पुसली ती टवाळी होती, कुणाचं काम नव्हतं. आणि मग मी जे केलं त्याची आजही लाज वाटते. मी पियालीला सगळ्यांसमोर हिंदीत ऐकवलं, की पाठवल्यावर एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं, एवढी साधी गोष्ट आहे, मी माझ्या मुलीलाही हेच सांगते. पियालीने माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीत बसली. दिवसभर ती पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसून होती.

संध्याकाळी नूपुर जेवणाच्या टेबलावर बंगालीचा गृहपाठ करत होती. शाळेत तिला तिसरी भाषा बंगाली आहे. भेंडी चिरता चिरता मला ऐकू आलं, "आमि चेष्टा कोरबो."

"कुणाची चेष्टा करणार ग?" मी विचारलं.

"कुणाची नाही, आई. ट्राय करणार." नूपुरचं मराठी असं आहे, निम्मं भोपाळचं, निम्मं टीव्हीचं. "बांगलामध्ये चेष्टा म्हणजे ट्राय. तुला इतकं पण नाही माहीत?"

माझा हात थांबला. "आणि शेष?"

"शेष म्हणजे लास्ट. खतम."

शेवटचा प्रयत्न. त्या मुलीने चार दिवस डोकं फोडून शुक्रवारी शेवटचा प्रयत्न म्हणून ती ब्रांच काढली होती. आणि 'धुर' म्हणजे, नूपुरनेच सांगितलं, आपण वैतागून 'छ्या!' म्हणतो ते. तिच्या वैतागाला मी टवाळी समजले, पुसून टाकलं, आणि वर तिलाच सगळ्यांसमोर झापलं. मी भेंडी तशीच ठेवली आणि खाली बसले.

केदार आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही. शांतपणे ऐकून म्हणाला, "शुक्रवारपर्यंत गप्प बस."

"काय?"

"अगं, तीन दिवसांचा प्रश्न आहे. तुझी अकरा वर्षं माझ्या बदल्यांनी खाल्ली, मला कळत नाही का? आता हातातोंडाशी आलेला घास घालवू नकोस. परीक्षण होऊ दे, मग सांग."

"मग सांगून काय उपयोग? तोपर्यंत ती त्या बिनखिडकीच्या खोलीत असेल."

"आणि आत्ता सांगितलंस तर तू असशील."

मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की केदारचं ऐकावं असं पाचेक मिनिटं मला खरोखर वाटलं. मग माझाच मला राग आला. अकरा वर्षं माझ्या कामावर कुणी नाव घातलं नाही म्हणून मी जगावर चिडून असते, आणि ज्या मुलीचं नाव होतं तिचं मी पुसलं. जेवले नाही. केदारला म्हटलं, "मी उद्याच सांगणार." तो म्हणाला, "माहीत होतं मला. भेंडी मी करतो."

बुधवारी मी एस्प्लनेडहून पहिली बस धरली. आठ वाजता लॅबमध्ये फक्त सफाईवाल्या बाई होत्या. गिटमध्ये ब्रांच पुसली की तिचं नाव जातं, काम लगेच जात नाही. नुसता पत्ता हरवतो. आणि आपण आपल्या मशीनवर कुठे कुठे पाय ठेवला त्याची यादी गिट गुपचूप ठेवत असतं. सोमवारी मी त्या ब्रांचमध्ये शिरून बघितलं होतं, म्हणजे त्या यादीत पत्ता असायलाच हवा होता. यादी काढली. आमटीच्या दप्तरावर हे मी वीस वेळा केलं होतं, पण ती आमटी होती. सोमवार, नऊ वाजून बावन्न मिनिटं. त्या ओळीवर पत्ता होता. त्या पत्त्यावर नवी ब्रांच उभी केली आणि एकामागून एक नऊ कमिट परत आले. नऊच्या नऊ कमिटवर पियाली नस्कर.

"मिळालं!" मी इतक्या जोरात ओरडले की सफाईवाल्या बाईंच्या हातून बादली निसटली.

ते सगळं सर्व्हरवर पाठवलं आणि त्यावर माझी एक नोंद चढवली: ही ब्रांच सोमवारी मी पुसली होती, आज परत आणली, मृणाल बापट. पियाली आली तशी तिला खुर्चीत बसवून सगळं दाखवलं. मला वाटलं होतं ती रडेल, नाही तर मिठी मारेल. माणूस स्वतःला किती शहाणं समजतं! तिने नऊही कमिट उघडून तपासले. मग हिंदीत म्हणाली, "काल तुम्ही मला सगळ्यांसमोर बोललात."

"हो. चुकलं माझं. सगळ्यांसमोर तसं सांगते."

ती कानाला हेडफोन लावून कामाला लागली.

साडेनऊला ऋषभ आला, माझी नोंद वाचली आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. पियाली हातभर अंतरावर. तो मराठीत, एकदम मऊ आवाजात बोलायला लागला. "काकू, हे काय करून ठेवलंत? शुक्रवारी परीक्षण घ्यायला येणाऱ्या बंगळूरूच्या बाई ही सगळी नोंद बघणार. त्या विचारतील, शिकाऊ लोकांना ब्रांच पुसायची परवानगी कुणी दिली? ती बंद करायची माझ्याकडून राहून गेली."

"मग सांग तसं."

"ऐका तर. हे दहाही कमिट गुंडाळून एक करा. तुमच्या नावाने. आधीचं सगळं नाहीसं होईल. पियालीचं काम वाचलं, ती खूष. तुमचं नाव दिसेल, तुम्ही खूष. तुमची शिफारस मी आज लिहितो, डेव्हलपर म्हणून. पियालीला काय, पुढच्या वेळी बघू." आणि मग तो हसला. "आपल्यात राहू दे. परक्या गावात आपण मराठी माणसांनी एकमेकांना सांभाळायला नको का?"

पियालीने हेडफोन काढले होते. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण आपलं नाव दोनदा ऐकू आलं होतं. ती एकदा त्याच्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. माझ्या डोक्यात अशी सणक गेली की काय सांगू! माझी मायबोली, जी ऐकायला मी या शहरात आसुसलेली असते, ती हा माणूस दाराला कडी लावावी तशी वापरत होता.

मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "ऋषभ, हिंदी में बोलो। नाम पियाली का ले रहे हो, तो पियाली को समझना चाहिए।"

"काकू, प्लीज."

"ठीक आहे, मी बोलते." आणि मी बोलले. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं हिंदीत सांगितलं, अख्ख्या टीमला ऐकू जाईल अशा आवाजात. शिफारसही सांगितली, मराठी माणसंही सांगितली. शेवटी म्हटलं, "ब्रांच मैंने डिलीट की थी। कल मैंने इसको डाँटा, वो भी गलत था। और इसके नौ कमिट पर इसी का नाम रहेगा। मैं कुछ नहीं लपेटूँगी।"

बाकीचे तिघे खुर्च्या वळवून बघायला लागले. ऋषभचे कान लाल झाले. "तुमची मर्जी," तो मराठीत म्हणाला, आणि गेला. पियालीने हेडफोन परत लावले.

शुक्रवारी बंगळूरूच्या बाई आल्या. चष्मेवाल्या, तुटक बोलणाऱ्या. पियालीचं काम त्यांना आवडलं, हे त्यांच्या प्रश्नांवरून कळत होतं. मग नोंदी खाली सरकवताना थांबल्या आणि विचारलं, ब्रांच कुणी पुसली होती?

"मी," मी म्हटलं.

"का?"

"नाव वाचून मला ती थट्टा वाटली. बंगालीत त्याचा अर्थ प्रयत्न आहे, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा."

त्या हसल्या नाहीत. काहीतरी लिहून घेतलं. मग ऋषभला विचारलं, शिकाऊ लोकांना ही परवानगी का होती? त्याने उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. त्या तेही लिहून घेत होत्या.

चार वाजता यादी लागली. डेव्हलपर चार, त्यात पियाली. पाचवं नाव माझं, पुढे डॉक्युमेंटेशन. लीडचा शेरा: तांत्रिक ज्ञान चांगले, कार्यपद्धतीची शिस्त कमी. मी तो तीनदा वाचला. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं की कसलं ते मी बघत बसले नाही. एचआरच्या मुलीकडे जाऊन सांगितलं, "ही नोकरी मला नको."

"मॅम, वीकेंडला विचार करा."

"अकरा वर्षं केला. कोड लिहायला आले होते. ते नसेल तर काही नको." तिने सांगितलं की मग कार्ड सहा वाजता जमा करावं लागेल, तोपर्यंत मी टीममध्ये आहे.

पावणेपाच वाजले होते. सव्वा तास होता माझ्याकडे. मी खुर्चीत बसले, नवी ब्रांच काढली, आणि टीमच्या नियमांची जी फाइल असते, जी प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी वाचायला देतात, ती उघडली. त्यात दोन ओळी घातल्या. पहिली: कुठलीही ब्रांच पुसण्याआधी ती कुणाची आहे ते बघायचं आणि त्या माणसाला विचारायचं. दुसरी: कारण या बॅचमध्ये मृणाल बापट हिने पियाली नस्कर हिचं पाच दिवसांचं काम चुकून पुसलं होतं. सर्व्हरवर पाठवलं आणि मंजुरीची विनंती अख्ख्या टीमला केली.

दहा मिनिटांत ऋषभ आला. "काकू, आता हे कशाला? झालं ना सगळं. बंद करा ती विनंती."

"नाही करणार."

"कोण मंजूर करणार आहे? पोरांना आत्ता कुठे नोकरी लागली आहे. लीडच्या विरुद्ध कोण जाईल?"

"सहापर्यंत वाट बघते."

तो तिथेच उभा राहिला, हाताची घडी घालून. तिघं जण टेबलावरच्या वस्तू आवरण्यात एकदम गढून गेले. सव्वापाच झाले. साडेपाच झाले. मग माझ्या पडद्यावर टिंग वाजलं. पियालीने माझी विनंती उघडली होती. मंजुरी नव्हती. तिने ती परत पाठवली होती. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून तिने इंग्रजीत लिहिलं होतं: 'चुकून' काढा. 'न विचारता' लिहा.

मी पेटलेच. हिच्यासाठी मी नोकरीवर पाणी सोडलं आणि ही माझे शब्द सुधारते! उत्तर लिहायला घेतलं, की नाव तूच धड ठेवलं नव्हतंस, नियमाप्रमाणे तुझं नाव त्यात असतं तर हे झालंच नसतं, शब्दाचा गोंधळ झाला, मुद्दाम कुणी केलं का? चार ओळी लिहिल्या आणि त्या वाचल्या. बुधवारपासून मी सगळ्यांना हेच सांगत होते, शब्दाचा गोंधळ, शब्दाचा गोंधळ. बाईंनाही तेच सांगितलं. पण शब्द कळला नव्हता, तर विचारता आलं असतं. सोमवारी लॅबमध्ये तिघं बंगाली बसले होते. एक हाक मारायची होती. मी विचारलं नाही, कारण मला सगळं कळतं असं मला वाटत होतं.

चारही ओळी खोडल्या. 'चुकून' काढलं, 'न विचारता' लिहिलं, आणि परत पाठवलं.

पियाली खुर्चीतून उठली. ऋषभ समोरच होता. तिने त्याच्याकडे बघितलं, नजर न काढता खाली वाकली आणि बटण दाबलं. मंजूर. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अब ठीक है, मृणालदी।" बुधवारनंतर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

मी ते मूळ कोडात मिसळलं. गळ्यातलं कार्ड काढलं, पर्स उचलली.

"काय मिळवलंत काकू?" ऋषभ म्हणाला. "हे आता कायम राहणार. जानेवारीची बॅच पहिल्याच दिवशी हे वाचणार, तुमच्या नावासकट."

"वाचू दे की," मी म्हटलं. "जानेवारीच्या बॅचमध्ये मीही आहे. अर्ज आज घरी जाऊन भरते."